काही त्रास नाही

"तिसरा ग्लास संपला का?" मी विचारलं.

इंगोले हातातल्या ग्लासाकडं बघत बसले होते. अर्धा तसाच होता. "कोरे, पोट फुटायची वेळ आली ओ."

"पोट फुटत नाही. प्या. आणि पाय हलवू नका. पाय हलवायला लागलं की लवकर लागते."

त्यांनी पाय थांबवले, डोळे मिटले आणि एरंडेल प्यावं तसं उरलेलं पाणी एका दमात संपवलं. मी घड्याळ बघितलं. अजून पाऊण तास धरायचं होतं.

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापूरच्या एका दवाखान्यात तळघरात शेक द्यायचं, म्हणजे रेडिएशनचं, मशीन होतं आणि त्याच्या बाहेर आम्ही सात-आठ म्हातारे डिसेंबरच्या थंडीत पाणी पीत बसलेलो असायचो. सगळ्यांना एकच रोग, प्रोस्टेटचा कॅन्सर. सदतीस शेक, शनिवार-रविवार सोडून रोज एक. शेक घेताना मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणजे ते वर सरकतं आणि भाजत नाही. भरलेलं नसलं की आतली मॅडम टेबलावरून उठवून परत पाठवायची. इंगोल्यांना पहिल्या दोन दिवसांत तीनदा परत पाठवलेलं. एकदा तर बिचारे दारापर्यंत पोचले आणि तिथून संडासाकडं पळाले.

मी एसटीत ड्रायव्हर होतो. अक्कलकोट डेपो, एकतीस वर्षं. मागं पन्नास माणसं बसलेली असताना ड्रायव्हरला लागली म्हणून गाडी थांबत नसते, त्यामुळं हे काम मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाली, "काका, तुमचं एकदम परफेक्ट." तेव्हापासून मी त्या बाकड्यावरचा वस्ताद झालो. कोण नवीन आला की त्याला माझ्या शेजारी बसवायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. निवृत्त झाल्यापासून कुणी मला काही विचारत नव्हतं.

इंगोले वैरागचे. मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं त्यांचं, बोटं कायम वार्निशनं पिवळी. वय एकसष्ट, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. अंगानं चांगले, केस काळे केलेले, शर्टाला इस्त्री. आमच्या बाकड्यावर इस्त्रीचा शर्ट घालून येणारा तो एकटाच माणूस होता. वैरागहून रोज येऊन-जाऊन करायचे, बरोबर बायको यायची. सुलभाताई नाव, पंचेचाळिशीच्या आसपास. पहिल्या दिवशी मला वाटलं, मुलगी असेल.

त्या दिवशी इंगोल्यांनी पाणी धरलं, शेक घेतला आणि बाहेर येऊन माझा हात हातात घेतला. "चला, चहा पाजतो."

गेटाबाहेर चहाची टपरी होती. बायका आतच बसलेल्या. आमची महानंदा आणि सुलभाताई, दोघींची दोन दिवसांत गट्टी जमलेली. इंगोल्यांनी चहा सांगितला, इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"कोरे, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"तुम्ही ते इंजेक्शन घेताय ना? हार्मोनचं?"

"घेतोय. तीन झाली. माझं जरा पुढं गेलेलं होतं, मला दोन वर्षं सांगितलंय. महिन्याला एक."

"मला सहा महिने म्हणतायत. पण घ्यायचं का नाही ते तुम्ही ठरवा म्हणतात." त्यांनी कप खाली ठेवला. "डॉक्टर म्हणतात, नुसत्या शेकानं बरं व्हायची शक्यता चांगली आहे. इंजेक्शन जोडलं तर आणखी वाढते. किती वाढते विचारलं तर म्हणाले, थोडी, पण वाढते. पुरुषाच्या अंगात जे असतं ना, तेच ह्या रोगाचं खाद्य. ते बंद करायचं. म्हणजे रोगाबरोबर आपलीही उपासमार."

"तसंच काहीतरी."

"घाम येतो म्हणतात, ताकद जाते, हाडं कमजोर होतात. ते सगळं सोसू. पण..." ते थांबले. टपरीवाला दूध ओतत होता, त्याची पाठ होईपर्यंत थांबले. "इच्छा राहत नाही म्हणतात. राहत नाही म्हणजे किती राहत नाही? ते डॉक्टर सांगत नाही. तुम्ही घेताय, तुम्ही सांगा."

मी कपाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिलो. इंगोल्यांना वाटलं मला राग आला. ते घाईघाईनं बोलायला लागले.

"माझं दुसरं लग्न आहे ओ. पहिली वारली, त्याला सहा वर्षं झाली. सुलभा अंगणवाडीत होती मोहोळला, ती पण एकटी. दीड वर्षापूर्वी रजिस्टर केलं. माझी दोन्ही पोरं पुण्याला. लग्नाला आली नाहीत. थोरला फोनवर म्हणाला, ह्या वयात बाबांना काय सुचलं. आता ह्या वयात काय सुचलं ते पोराला कसं सांगायचं? मला सुचलं. बरं वाटत होतं. सकाळी उठावं वाटत होतं. आता दीड वर्षात तिला सांगू, की बाई, झालं, संपलं? ती म्हणेल, मग मला आणलंच कशाला?"

"असं काही म्हणायच्या नाहीत त्या."

"तोंडानं म्हणणार नाही. म्हणून विचारतोय. सोमवारी डॉक्टरांना सांगायचंय. तुम्हाला काय होतं ते खरं सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो."

आता बघा, हा माणूस आपल्या संसाराची गाठ सोडून माझ्यासमोर बसला होता. दोन दिवसांची ओळख. आणि मी काय केलं, तर चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "काही नाही हो. थोडा घाम येतो. बाकी काही त्रास नाही."

"आणि ते?"

"ते सगळं मनावर असतं."

इंगोल्यांचा चेहरा एकदम सैल झाला. दुसरा चहा सांगितला त्यांनी.

मी खोटं बोललो होतो. घाम थोडा यायचा नाही. डिसेंबरात सगळे स्वेटर घालून बसलेले असताना माझ्या मानेवरून धार लागायची आणि पाच मिनिटांनी दात वाजायचे. दोन जिने चढलो की मांड्या लटपटायच्या. छाती दुखरी झाली होती, शर्टाचं कापड घासलं तरी कळायचं. रडू यायचं. टीव्हीवर कुणाच्या पोरीची पाठवणी चाललेली दिसली तरी मी उठून मोरीत जाऊन तोंड धुवायचो. आणि इंगोल्यांनी जे विचारलं ते तर पार विझलं होतं. महानंदा शेजारी असायची आणि माझ्या मनात काही म्हणजे काहीच उठायचं नाही. आधी ह्या वयात फार काही होतं असं नाही, पण जे होतं ते आमचं होतं. मी भिंतीकडं तोंड करून झोपायला लागलो. ती काही बोलली नाही. मला वाटलं, सुटलो.

हे इंगोल्यांना का नाही सांगितलं? लाज वाटली. दुसरं काही कारण नाही. बाकड्यावरचा वस्ताद मी, एकतीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, मिशा एवढ्या. टपरीवर उभं राहून सांगू, की मी असा झालोय?

डॉक्टरांना तरी कुठं सांगितलं होतं. आमच्याकडं दवाखान्यात कुणी एकटं आत जातं का? माझ्याबरोबर महानंदा, मुलगा, सून, एकदा तर मेहुणाही होता. डॉक्टर विचारायचे, "काका, काही त्रास?" चार जणं माझ्या तोंडाकडं बघतायत. मी म्हणायचो, "काही त्रास नाही." एकदा त्यांनी फॉर्म दिला, वीस प्रश्नांचा, हो किंवा नाहीवर खूण करायची. माझा चष्मा खोलीवर राहिलेला, म्हणून सून वाचायला बसली. सुवर्णा गुणाची पोरगी. मोठ्यानं वाचायची, मी नाही म्हणायचो, ती खूण करायची. चौदाव्या प्रश्नाला ती मोठ्यानं वाचता वाचता थांबली. मनात वाचला, कानापर्यंत लाल झाली आणि मला न विचारताच नाहीवर खूण करून पुढच्या प्रश्नाला गेली. मी छताकडं बघत होतो. माझ्या फाइलीत वीसच्या वीस नाही आहेत, अजूनही असतील.

सोमवारी इंगोल्यांनी इंजेक्शन घेतलं. बाहेर आले, मला अंगठा दाखवला. सुलभाताईंनी घरून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणलेली, आम्हाला बोलावून दिली. ती दोघं एकाच डब्याच्या झाकणात खायची. महानंदा मला हळूच म्हणाली, "बघा तरी, नवीन पोरांसारखं करतेत." तिच्या आवाजात चेष्टा होती, पण नुसती चेष्टा नव्हती. तेव्हा मी तिकडं लक्ष दिलं नाही.

दहा-बारा दिवस असेच गेले. पाणी, घड्याळ, शेक, चहा. मग इंगोले बदलायला लागले. आधी कपाळ पुसायला लागले. मग शर्टाची इस्त्री गेली. केसांच्या मुळाशी पांढरं दिसायला लागलं. चहाला चला म्हटलं की म्हणायचे, नको, पडतो जरा. डबा उघडला की सुलभाताई झाकण पुढं करायच्या आणि ते म्हणायचे, "तू खा." एका खुर्चीचं अंतर ठेवून बसायला लागले. मी सगळं बघत होतो. काय होतंय ते त्या बाकड्यावर माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. मी विचारलं, "काय, कसं चाललंय?" ते म्हणाले, "काही त्रास नाही."

माझेच शब्द. मी मान हलवली आणि पाणी प्यायला लागलो.

माझा तिसावा शेक असेल. शेक घेऊन खोलीवर आलो. दवाखान्यापासून पंधरा मिनिटांवर एक खोली भाड्यानं घेतली होती आम्ही. महानंदा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सुलभा उद्या चाललीय."

"कुठं?"

"मोहोळला. भावाकडं. कायमची म्हणायलीय."

"का?"

"का म्हणजे? तो माणूस तिच्याशी बोलंना. जवळ गेलं की उठून जातोय. परवा तिनं पाठीवर हात ठेवला तर झटकला. ती म्हणते, पोरांनी फोनवरून कान भरले ह्यांचे. पस्तावा झालाय आता लग्नाचा, पण बोलायचं धाडस नाही, म्हणून असं करायलेत. दोन तास रडली माझ्याजवळ." तिनं एक खडा बाजूला टाकला. "तुमचं मैतर आहे ना? विचारा की त्याला. एवढी चांगली बाई, तिचं काय चुकलं?"

"विचारतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी विचारायची वेळ आलीच नाही. इंगोले बाकड्यावर बसलेले, पुढं ग्लास भरलेला, हात लावलेला नाही. मी त्या दिवशी खोलीवरच पाणी पिऊन आलो होतो. बसलो तसे म्हणाले, "कोरे, आज दुसऱ्या इंजेक्शनची तारीख आहे. मी घेणार नाही. आणि शेक पण बास. आज शेवटचं तुम्हाला भेटायला आलो."

"वेड लागलंय का? शेक अर्धवट सोडायचा नसतो."

"काय करायचंय जगून?" ते शांतपणे बोलत होते. "थोरला बरोबर होता माझा. ह्या वयात नको होतं करायला. लग्न केलं तेव्हा मला वाटलं, आपण अजून आहोत. नव्हतो. म्हातारा झालोय ओ मी, आणि त्या बाईला उगाच फसवलं."

"ते इंजेक्शनमुळं असेल."

"कसं असेल? तुम्हाला तर काही होत नाही. चार महिने घेताय, वयानं मोठे आहात, तुम्ही ठणठणीत. इंजेक्शन एकच, रोग एक. मग दोष कुणात? परवा मोटारीची कॉइल भरता भरता रडायला लागलो. पोरगं बघत होतं दुकानातलं. सांगा, हे इंजेक्शननं होतं का? हे माझ्या डोक्याचंच काहीतरी आहे."

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात आतून हाक आली, "कोरे काका." पाऊण तास झालेला, धरलेलं होतं, आता थांबता येत नव्हतं. म्हणजे थांबता आलं असतं. दोन मिनिटं कुठं गेली असती? पण मी उठलो. खरं म्हणजे हाक आली म्हणून मला बरं वाटलं.

टेबलावर झोपवतात, पायाखाली उशी देतात, अंगावर काढलेल्या खुणा जुळवून बघतात आणि मॅडम जड दार लावून निघून जाते. मग हलायचं नाही. मशीन आपल्याभोवती फिरत राहतं. सात-आठ मिनिटांचं काम, पण मला कधी एवढा वेळ वाटला नव्हता.

ड्युटी संपली की ड्रायव्हरनं गाडीतले दोष कागदावर लिहून द्यायचे असतात. ब्रेक कमी लागतो, स्टिअरिंग ओढतं, उजवा लाइट बंद. पुढचा ड्रायव्हर तेच वाचून गाडीवर बसतो. मी कधी लिहायचं सोडलं नाही. कितीही थकलेला असो, कंडक्टर निघून जायचा आणि मी टेबलाशी वाकून लिहीत बसायचो. मागं माझी चेष्टा चालायची, कोरे गाडीची कुंडली मांडतोय म्हणून. मला त्याचा अभिमान होता. माझ्या नंतर जो बसेल तो माझ्या भरवशावर बसतोय एवढी अक्कल होती मला. आणि इथं एक माणूस सरळ सरळ विचारायला आला होता, गाडी कशी आहे. मी त्याला म्हणालो, चांगली आहे, जा घेऊन.

मशीन थांबलं. मी संडासात जाऊन आलो. तोंड धुतलं, आरशात बघितलं आणि बाहेर गेलो.

तिघंही बाहेरच होते. इंगोले तिथंच. महानंदा बायकांच्या बाकड्यावर. सुलभाताई तिच्या शेजारी, पायाशी एक सुटकेस, दोनची मोहोळ गाडी धरायची म्हणून साडी खोचलेली. मी इंगोल्यांना म्हणालो, "उठा, इकडं या." ते आले. बायकांच्या बाकड्यासमोर आम्ही दोघं उभे. बाजूला इतर पेशंट होते, एक नर्स होती. मी आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, पण माझा आवाज मुळात ड्रायव्हरचा.

"सुलभाताई, जाऊ नका. आधी ऐका. ह्यांना जे होतंय ते इंजेक्शननं होतंय."

"काय होतंय?" त्या म्हणाल्या. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. नवऱ्यानं काहीही सांगितलेलं नव्हतं.

"कोरे," इंगोले म्हणाले, "बास करा."

"नाही करत. ताई, मला चार महिने झाले. घाम येतो, थंडी वाजते, अंगात जीव राहत नाही. छाती दुखते बायकांसारखी. टीव्ही बघून रडू येतं. आणि बाईमाणसाविषयी जे वाटतं ते वाटायचं बंद होतं. सगळं. मनात येतच नाही. ते मनावर नसतं, ते औषधानं होतं. ह्यांनी मला आधीच विचारलं होतं, इंजेक्शन घेऊ का म्हणून. मी सांगितलं, काही त्रास नाही. खोटं सांगितलं मी. हे जवळ येत नाहीत कारण ह्यांना लाज वाटतेय. मलाही वाटत होती. पोरांनी काही कान भरलेले नाहीत."

नर्स फाइलीत डोकं घालून उभी राहिली. माझ्या मागच्या बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "मलाबी हाय ते." मग आणखी एक जण म्हणाला, "मला तर वर्ष झालं."

इंगोले माझ्याकडं बघत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागावलेले होते. "मग त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"तुमच्या लाजेपायी मी महिनाभर..." त्यांना बोलायचा हक्क होता. मी खाली मान घालून उभा राहिलो.

सुलभाताई उठल्या. मला वाटलं निघाल्या. पण त्यांनी सुटकेस पायानं बाकड्याखाली सरकवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "किती महिने?"

"सहा," इंगोले म्हणाले. "एक झाला."

"आणि मग?"

"मग येतं म्हणतात परत. हळूहळू. येईलच असं नाही."

"डॉक्टर आहेत का आत?"

"आहेत."

"चला. मला त्यांना विचारायचंय." आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही पण चला. आणि दुसरं कुणी आत नको."

आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी माझी फाइल काढली, फॉर्म बघितला आणि म्हणाले, "कोरे काका, तुमच्याकडं तर सगळीकडं नाही आहे." मी म्हणालो, "सगळीकडं हो करा." ते हसले नाहीत. त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा आम्हाला सगळं नीट समजावलं. घामासाठी गोळी देता येते. हाडांसाठी कॅल्शियम, रोज चालायचं, थोडं वजन उचलायचं, ताकद टिकते. रडू येतं ते वेड नाही, फार झालं तर त्याच्यावरही इलाज आहे. इच्छेवर मात्र औषध नाही, इंजेक्शन चालू आहे तोवर. इंगोल्यांनी इंजेक्शन इथंच थांबवलं तरी शेक पूर्ण करावा, कारण मुख्य काम शेकाचं. इंजेक्शननं आणखी थोडी खात्री वाढते. ती थोडी खात्री पाहिजे का, आणि त्यासाठी हे पाच महिने सोसायचे का, हे तुम्ही दोघांनी ठरवा.

"तुम्ही दोघांनी" म्हणाले ते. इंगोल्यांनी एकट्यानं ठरवलं होतं, तेही माझ्या खोट्यावर.

सुलभाताईंनी दोन प्रश्न विचारले. इंजेक्शन आज चुकलं तर चालेल का, आणि हाडं मोडण्याइतकी कमजोर होतील का. मग नवऱ्याला म्हणाल्या, "मला ती थोडी खात्री पाहिजे. तुम्हाला?" इंगोल्यांनी बाही वर करायला घेतली. नर्स म्हणाली, "हातावर नाही काका, पोटावर." तेव्हा सुलभाताई हसल्या. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा.

उरलेली पाचही घेतली त्यांनी. पुढं बरे झाले. माझ्याशी पहिल्यासारखे कधी बोलले नाहीत, पण दिवाळीला फोन करतात, आणि फोनवर आधी सुलभाताई बोलतात.

हे सगळं मी सांगतो ते त्यांच्यासाठी नाही.

त्या दिवशी आम्ही खोलीवर निघालो. रोज चालत जायचो, त्या दिवशी महानंदानं रिक्षा केली. रिक्षात ती बाहेर बघत बसली होती. मला वाटलं, चारचौघांत हे असलं बोललो म्हणून चिडली असेल. पाळी बंद व्हायच्या वयात तिला असाच घाम यायचा. भर दुपारी पदरानं वारा घेत बसायची आणि मी म्हणायचो, काय नाटकं लावलीत. तेही मला त्या रिक्षात आठवायला लागलं आणि आणखी लाज वाटली.

"चिडलीस?" मी विचारलं.

"नाही."

"मग बोलत का नाहीस?"

रिक्षा सिग्नलला थांबली. मग रस्त्याकडंच बघत म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्हाला माझा कंटाळा आला."

"काहीतरीच. छत्तीस वर्षांनी?"

"छत्तीस वर्षांनीच येतो," ती म्हणाली. "चार महिने मी तेच धरून बसलेय. भिंतीकडं तोंड करून झोपता. मी म्हटलं, आजारी माणूस आहे, कशाला विचारायचं. त्या सुलभाला निदान रडता तरी येत होतं. मी कुणापुढं रडणार?"

एवढी वर्षं घाटात गाडी चालवली, समोरून काय येतंय ते वळणाच्या आधी कळायचं मला. आणि हे माझ्या शेजारी झोपत होतं.

"तसं नव्हतं," मी म्हणालो.

"आता कळलं ना. सगळ्या दवाखान्याबरोबर कळलं."

रिक्षा थांबली. ती उतरली, मला हात दिला. खोलीत आल्यावर तिनं भाताला पाणी ठेवलं, मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसली.

"तिथं ताईंना सांगितलंत ना," ती म्हणाली, "आता मला सांगा. पहिल्या इंजेक्शनपासून सांगा."

मी सांगायला लागलो. घाम कधी सुरू झाला ते सांगितलं, मोरीत जाऊन तोंड धुवायचो ते सांगितलं. मध्येच डोळे पुसायला थांबलो. ती उठली नाही, पाणीबिणी आणलं नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "हं, मग?"